शॅम्पेन उघडताय? या चुका टाळा

शर्यत जिंकल्यावर शॅम्पेन फवारायची टूम १९६७ साली फ्रान्समधल्या ल माँच्या मोटार शर्यतीनंतर अमेरिकन रेसर डॅन गर्नीनं काढली. पण त्या बाटलीचे पैसे त्याच्या खिशातून गेले नव्हते. तुमचे जातात.

बाटलीत ५ ते ६ ॲटमॉस्फिअर दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. तरी लोक बुचावरची तार काढून बाटली टेबलावर ठेवतात आणि फोटोसाठी मोबाइल शोधत बसतात. एका साखरपुड्याला आमच्या भाच्यानं नेमकं हेच केलं. बाटली दुपारभर गाडीच्या डिकीत तापलेली, मग घाईघाईनं दहा मिनिटं फ्रीझरमध्ये कोंबलेली. हा फोन घ्यायला वळला आणि बूच आपणहून सुटलं ते थेट ट्यूबलाइटवर. निम्मी शॅम्पेन गालिच्यावर, काचा पनीर टिक्क्यात. टिक्का फेकून द्यावा लागला, मला वाईट त्याचंच जास्त वाटलं. भाचेबुवा म्हणाले, "मामा, बाटलीच खराब होती."

बाटली खराब नव्हती, गरम होती. माझी पद्धत अशी: बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, त्यात बाटली अर्धा तास. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांच्या फटीत हवा राहते. तारेची कडी सहा अर्धे फेरे दिले की सैल होते, पण मी तार काढत नाही. अंगठा तारेसकट बुचावर दाबून ठेवायचा, बाटली ४५ अंशांत तिरकी धरायची आणि बूच नव्हे, बाटलीचं बूड फिरवायचं. बूच वर यायला लागलं की त्याला दाबून अडवायचं. हलकंसं फुस्स झालं पाहिजे. "ठो" आवाज हवा असेल तर फटाके आणा.

थंड म्हणजे ८ ते १० अंश, बर्फगार नव्हे. साधी नॉन-व्हिंटेज (वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळून केलेली) बाटलीसुद्धा निदान १५ महिने तळघरात पडून असते, त्यातले १२ यीस्टच्या गाळावर. व्हिंटेजला, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांच्या बाटलीला, तीन वर्षं. भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येतो तो त्या गाळातून. जिभेला बधिरी आणणाऱ्या गारठ्यात तो कुणाला कळणार?

"एक्स्ट्रा ड्राय" लिहिलंय म्हणून कमी गोड समजून घेऊ नका. त्यात लिटरला १२ ते १७ ग्रॅम साखर, ब्रूट या त्याहून कोरड्या प्रकारात १२ हून कमी. आणि ब्रूटबरोबर केक देणाऱ्यांना हात जोडतो: गोडापुढे ती नुसती आंबट लागते. केकच हवा असेल तर दमी-सेक हा गोड प्रकार घ्या, नाहीतर ब्रूटबरोबर खारे काजू, बोंबील फ्राय.

पेल्याला साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात. मी फक्त गरम पाण्यानं धुतो आणि सुती फडक्यानं पुसतो. फडक्याचे बारीक तंतू काचेला चिकटतात, बुडबुडे तिथूनच उठतात. ओतताना पेला तिरका धरा, वायू कमी उडतो.

नाशिकची स्पार्कलिंग वाइन जरूर प्या, फक्त तिला शॅम्पेन म्हणू नका. ते नाव फ्रान्समधल्या रॅंस आणि एपर्नेच्या मुलुखाचं.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवणारे अजून आहेत. त्यानं काहीही होत नाही. शॅम्पेनचं क्लिपवालं झाकण आणा, बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.