लघुरेल्वेच्या जुन्या वस्तू लिलावात घेताना आणि विकताना

गोव्यात लिलाव म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर देवळातील पावणी उभी राहते. देवाला वाहिलेला नारळ किंवा केळ्यांचा घड बोली लावून घेतला जातो, आणि बोली चढवणाऱ्याला त्या वस्तूच्या बाजारभावाशी काही कर्तव्य नसते, कारण जास्तीचा पैसा देवाच्या कामी लागणार असतो. लघुरेल्वेची, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या छोट्या चालत्या प्रतिकृतींची, जुनी इंजिने, डबे आणि रूळ यांच्या लिलावात उतरणाऱ्याने मात्र ही सवय बाजूला ठेवली पाहिजे. हे लिलाव मुख्यतः ब्रिटन आणि जर्मनीत भरतात व आपण त्यांत इंटरनेटवरून भाग घेतो. त्यामुळे वस्तू आपल्या हाती न येता तिची चार छायाचित्रे आणि पाच ओळींचे वर्णन एवढेच आपल्यापुढे येते. घेणारा ते वर्णन विकत घेत असतो आणि विकणारा ते वर्णनच विकत असतो, असे मी अनेक वर्षांच्या अनुभवावरून म्हणतो. ते नीट वाचता आले आणि नीट लिहिता आले, तर या व्यवहारातील बहुतेक मनस्ताप टळतो.

पहिल्यांदा पाहायचे ते प्रमाण, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या भागाएवढे आहे ते, आणि रुळांमधील अंतर. ब्रिटिश ओओ प्रमाण 1:76 आहे, तर युरोप आणि अमेरिकेतील एचओ 1:87 आहे. पण दोन्ही 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, आणि म्हणूनच नवखा माणूस दोन्हींचे डबे एकत्र घेऊन बसतो व गाडी जोडल्यावर एक डबा दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा दिसतो. एन प्रमाणाचे रूळ 9 मिलिमीटरचे आणि ओ प्रमाणाचे 32 मिलिमीटरचे असतात. विजेची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. 1938 मध्ये बाजारात आलेली हॉर्नबी डब्लो ही ब्रिटिश ओओ गाडी तीन रुळांवर चालत असे आणि तिची दोन रुळांची आवृत्ती 1959 मध्ये आली. दोन्ही पेट्यांवर नाव मात्र तेच. मेर्क्लिन या जर्मन कंपनीची एचओ गाडी मधल्या संपर्कावरून प्रवाह घेते आणि तिची चाके एकमेकांपासून विद्युतरोधित नसतात, त्यामुळे तिचा डबा साध्या दोन रुळांच्या मार्गावर ठेवताच शॉर्ट सर्किट होते.

आपल्याकडील अनेकांना मुरगाव ते कॅसलरॉक हा जुना मार्ग दूधसागराच्या घाटासह उभा करावासा वाटतो. हा मार्ग 1990 च्या दशकापर्यंत मीटरगेज होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. एचओ प्रमाणात मीटरगेजसाठी 12 मिलिमीटरचे रूळ वापरतात आणि लिलावाच्या यादीत अशा वस्तू एचओएम या नावाखाली येतात; बेमो या जर्मन कंपनीची स्विस ऱ्हेटियन रेल्वेची मॉडेले त्यांत पुष्कळ असतात. इंजिने स्विस असली तरी रूळ, सांधे आणि वाघिणींचे खालचे सांगाडे आपल्या कामाचे असतात. कोकण रेल्वे बसवणाऱ्याची अडचण वेगळी आहे. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर आहे, ती एचओ प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तरीही बहुतेक जण 16.5 मिलिमीटरवरच समाधान मानतात. मीही तेच करतो, कारण त्यामुळे जुन्या बाजारातील रूळ आणि सांधे सहज वापरता येतात.

आता वर्णनाच्या शब्दांकडे वळू. ‘अनटेस्टेड’ याचा अर्थ तपासलेले नाही असा आहे. परंतु ज्याच्याकडे रूळ आणि कंट्रोलर दोन्ही असताना तो हा शब्द लिहितो, त्याने बहुधा तपासून पाहिलेले असते. ‘अॅज सीन’ म्हणजे दिसते तसे घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. ‘बॉक्स्ड’ म्हणजे पेटी आहे, एवढेच. ती त्याच इंजिनाची आहे असे त्यात म्हटलेले नसते, म्हणून पेटीच्या टोकावरील क्रमांक आणि इंजिनावर रंगवलेला क्रमांक छापील सूचीशी ताडून पाहावा. डीसीसी म्हणजे गाड्यांचे डिजिटल नियंत्रण. ‘डीसीसी रेडी’ आणि ‘डीसीसी फिटेड’ यांत तर पैशांचा मोठा फरक आहे: पहिल्यात डिजिटल डीकोडर बसवण्यासाठी फक्त सॉकेट असते, दुसऱ्यात डीकोडर प्रत्यक्ष बसवलेला असतो.

वर्णनात जे लिहिलेले नाही, ते अधिक काळजीने वाचावे. इंजिनाची सहा छायाचित्रे आहेत आणि खालच्या बाजूचे एकही नाही, तर ते मागवावे, आणि मिळाले नाही तर बोली लावू नये. मी एकदा हा नियम मोडला. युद्धपूर्व काळातील एक डब्लो इंजिन स्वस्तात जात होते, वर्णनात रंगाची स्तुती होती, आणि पार्सल उघडल्यावर खालचा सांगाडा तीन ठिकाणी चिरलेला व मधोमध फुगलेला निघाला. जस्ताच्या मिश्रधातूत ओतकामाच्या वेळी शिसे मिसळले गेले असेल, तर तो धातू वर्षानुवर्षे आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी हातात चुरा होऊन येतो. संग्राहक त्याला मॅझॅक रॉट म्हणतात. त्यावर उपाय नाही. दमट हवेत तो अधिक वेगाने वाढतो, म्हणून इंग्लंडमध्ये केसासारखी बारीक दिसणारी चीर आपल्याकडे दोन पावसाळ्यांत काय होईल, याचा विचार गोव्याच्या माणसाने बोली लावण्यापूर्वीच करावा. जुन्या इंजिनांच्या सांगाड्याची सरळ रेषा छायाचित्रावर पट्टी धरून तपासण्याची सवय मला त्या पार्सलने लावली.

याशिवाय विक्रेत्याला विचारण्यासारखे प्रश्न थोडे आहेत. इंजिन दोन्ही दिशांनी चालतानाची चित्रफीत मिळेल का, चाकांवरील रबरी कडी शाबूत आहेत का, रंग किंवा क्रमांक कधी बदलला आहे का, आणि वस्तू पोटमाळ्यावर किंवा तळघरात ठेवली होती का. ट्राय-अँग आणि लिमा या कंपन्यांच्या ओओच्या जुन्या गाड्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात व कोड 75 या कमी उंचीच्या बारीक रुळांवर त्या खालच्या खिळ्यांना आपटतात, हेही ध्यानात ठेवावे. संचाबरोबर अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आला तर तो 110 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटात तो कधीही लावू नये. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ब्रिटिश ट्रान्सफॉर्मर व्होल्टेजला जुळतो, तरी त्याच्या वायरीचे रबर तडकलेले असते, आणि घरात मुले असतील तर तो कपाटात शोभेसाठीच ठेवावा.

भाव ठरवण्याचे काम बोलीच्या आदल्या दिवशी, शांतपणे, वहीत करावे. लिलावगृहाचा हातोडा ज्या आकड्यावर पडतो, तेवढेच पैसे आपण देत नाही. समजा हातोडा 100 पौंडांवर पडला आणि खरेदीदाराकडून घेतले जाणारे कमिशन 20 टक्के आहे. त्या 20 पौंडांवर ब्रिटनचा 20 टक्के व्हॅट लागतो, म्हणजे 124 पौंड झाले. इंटरनेटवरून बोली लावण्याचे वेगळे शुल्क आणि टपालखर्च मिळून आणखी 26 पौंड धरले, तर वस्तू तेथून निघतानाच दीडशे पौंडांची होते. भारतातील सीमाशुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर आकारले जाते. खेळण्यांवरील मूळ शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के करण्यात आले, आणि प्रमाणबद्ध मॉडेलेही दरसूचीत खेळण्यांच्याच प्रकरणात येतात. वैयक्तिक वापरासाठी टपालाने आलेल्या वस्तूंचे शीर्षक वेगळे आहे. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हाची सक्ती झाली, त्यामुळे पेटीवर ‘टॉय’ लिहिलेले पार्सल अडकण्याची शक्यता असते. आपले पार्सल कोणत्या शीर्षकाखाली जाईल आणि त्या दिवशीचा दर काय आहे, हे कुरिअरकडून लेखी विचारून घेतल्याशिवाय परदेशी लिलावात नाव नोंदवू नये. हा सगळा हिशेब उलटा करत मागे आले की हातोड्याची आपली कमाल रक्कम मिळते, आणि बोलीच्या भरात ती एका पौंडानेही वाढवू नये.

ईबेसारख्या ठिकाणी ही कमाल रक्कम एकदाच भरता येते. संगणक आपल्या वतीने इतरांपेक्षा एक पायरी वर, पण गरजेपुरतीच बोली चढवतो. दोघांनी समान रक्कम भरली असेल तर आधी भरणारा जिंकतो, म्हणून 60 ऐवजी 61.37 असा विषम आकडा भरावा. शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकणारे पुष्कळ असतात. त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही, आपली कमाल रक्कम खरी असेल तर त्यांच्या येण्याने आपले काहीच बिघडत नाही.

गोव्यातील माणसाला एक सोय आहे. स्विंडन शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे आणि आपल्यापैकी कित्येकांचे कोणी ना कोणी नातलग तेथे राहतात. हे स्विंडन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याचे गाव. तो कारखाना 1986 मध्ये बंद झाला, पण तेथे बांधलेल्या इंजिनांची मॉडेले आजही लिलावात सर्वाधिक दिसणाऱ्या वस्तूंपैकी आहेत. लिलावगृहातून वस्तू नातलगाच्या पत्त्यावर मागवावी, त्याला पेटी उघडून वर्णनाशी ताडून पाहायला सांगावे, आणि तक्रारीची मुदत तेथेच वापरावी. सुट्टीत येताना त्याने ती आणली, तर प्रवासी सामानाच्या सवलतीची चालू मर्यादा पाहून, पावतीसह आणि खऱ्या किमतीची नोंद करूनच आणावी.

विकणाऱ्याची बाजू गोव्यात अनेकदा एखाद्या जुन्या कपाटापासून सुरू होते. 1961 पूर्वी येथे परदेशी माल सहज मिळत असे, आणि त्यानंतरही बोटीवर काम करणारे तारवटी हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलहून मुलांसाठी गाड्या आणत राहिले. सासष्टीतील अशाच एका घरात मला एका आजींनी पत्र्याची चावीची गाडी दाखवली. तिच्यावरील गंज जावा म्हणून घरच्यांनी ती घासून लखलखीत केली होती, आणि त्या घासण्यात कारखान्याची छपाई निघून गेल्यामुळे तिची अर्ध्याहून अधिक किंमत गेली होती. म्हणून विकण्यापूर्वी कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, चाकांच्या धावेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा आणि येथेच थांबावे. रंग देऊ नये, पॉलिश लावू नये, फाटलेली पेटी चिकटपट्टीने जोडू नये. जुन्या पेटीतील फोम आपल्या हवेत चिकट होऊन रंगाला धरतो. तो आधी काढून आम्लरहित पातळ कागद घालावा, पण पेटी मात्र फेकू नये.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असण्याची शक्यता असेल, तर ती परदेशी लिलावाला पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मत घ्यावे, कारण 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार पुरावस्तू ठरलेली चीज खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. हॉर्नबीच्या पहिल्या चावीच्या गाड्या 1920 च्या आहेत, हे पाहता हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

इंजिने एकेक करून विकावीत. रूळ, सांधे आणि साध्या वाघिणी एकत्र गठ्ठ्याने विकाव्यात. पेटीसह पूर्ण असलेला संच कधीही फोडू नये. दुर्मिळ वस्तूलाच राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यायची नाही ती रक्कम, लावावी, कारण साध्या वस्तूवर ती लावली की बोलीच सुरू होत नाही. छायाचित्रे सकाळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावीत, आणि त्यांत खालची बाजू, चाके, पेटीचे टोक व प्रत्येक दोष असावा. वर्णन कसे असावे, याचा मी वापरत असलेला नमुना असा: ‘ओओ, दोन रुळांचे, 12 व्होल्ट डीसी. दोन्ही दिशांनी चालते, सुरुवातीला हलका धक्का द्यावा लागतो. सांगाडा सरळ, चीर नाही. डावा पुढचा बफर नाही. धातूच्या पायऱ्यांवर गंजाचे ठिपके. पेटी मूळची, एका बाजूस बुरशीचा डाग. समुद्राजवळच्या घरात तीस वर्षे ठेवलेले.’ शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळतो, हे मला ठाऊक आहे; परंतु ते वाचूनही जो बोली लावतो, तो नंतर वस्तू परत पाठवत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात वस्तू सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि शक्य असल्यास दसऱ्यानंतर पाठवावी. बांधताना बुडबुड्यांचे प्लॅस्टिक थेट रंगावर गुंडाळू नये, त्याचे गोल ठसे उमटतात. आधी कागद, मग प्लॅस्टिक, मग मूळची पेटी, आणि तिच्याबाहेर चारही अंगांनी दोन बोटे जागा सुटेल असे दुसरे खोके घ्यावे. पेटी बंद करण्यापूर्वी इंजिनाचा क्रमांक आणि बांधणी यांचे एक छायाचित्र काढून, खरेदीदाराने गाडी रुळांवर चालवून पाहिल्याचे कळवेपर्यंत ते जपून ठेवावे.