विजेच्या जोडणीविना कॅरॅव्हॅन: बॅटरी आणि गॅस कसा पुरवाल?

ब्रिटनमध्ये विजेची जोडणी नसलेल्या मुक्कामाच्या साइटवर कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) लावणार असाल, तर आधी त्यातल्या फ्रिजकडे बघा. गॅस, घरगुती वीज आणि १२ व्होल्ट असा तिन्हींवर चालणारा हा फ्रिज १२ व्होल्टवर, म्हणजे बॅटरीवर, असताना साधारण १० अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे पाचेक तासांत खेळ खलास. म्हणून १२ व्होल्ट फक्त गाडी चालू असताना. मुक्कामाला पोचलात की फ्रिज गॅसवर. (पेट्रोल पंपावर वळण्याआधी मात्र फ्रिजची गॅसची ज्योत बंद हवीच.) बॅटरी दिव्यांसाठी आणि पाण्याच्या पंपासाठी राखा. सकाळी काहीही चालू करण्याआधी व्होल्टमीटर बघा: १२.२ च्या आसपास आकडा असेल, तर निम्मी संपली.

थंडीत ब्युटेनचा निळा सिलिंडर नेऊ नका. शून्य अंशाजवळ ब्युटेनचा वायूच होत नाही. सिलिंडर उचलला तर जड, शेगडी मात्र पेटत नाही. लाल सिलिंडरातला प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही चालतो. गॅस किती उरलाय? सिलिंडरवर गरम पाणी ओता, उकळतं नको, आणि हात वरून खाली फिरवा. पत्रा जिथे एकदम गार लागतो, तिथवर गॅस आहे.