‘हजारामागे किती?’ : नेटवर्क मार्केटिंगमध्ये माणूस जोडताना खरं कसं सांगावं

सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, माझ्या ओळखीची एक अक्का राहते. पाच वर्षांपूर्वी मी तिला नेटवर्क मार्केटिंगचा प्लॅन दाखवायला गेले, तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. माझी वही, त्यातले गोल, डाव्या-उजव्या बाजूला जोडायच्या माणसांचं लेफ्ट-राइट, सगळं तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते असू दे ताई. हजारामागे किती पडतंय, तेवढं सांगा की.”

विडीची मजुरी हजार विड्यांवर मिळते, तसं हजाराच्या विक्रीमागे हातात किती उरतं ते तिला हवं होतं. मला सांगता आलं नाही. अपलाइननं, म्हणजे मला ज्यांनी जोडलं त्यांनी, घोकून घेतलेलं वाक्य टाकलं: “अक्का, याला लिमिटच नाही. जेवढी मेहनत तेवढं इन्कम.” माझ्या भरवशावर तिनं साडेचार हजारांचा माल घेतला. चार महिन्यांनी त्यातले तीन खोके तिच्या पलंगाखाली तसेच होते. ते मी उचलून आणले आणि पैसे हप्त्याहप्त्यानं तिला परत केले.

तेव्हापासून माणूस जोडायची माझी रीत बदलली. ती अशी.

आधी स्वतःची वही करा

निदान तीन महिन्यांची. कमिशनच्या मेसेजचा स्क्रीनशॉट म्हणजे हिशेब नव्हे. माझ्या वहीतलं एक पान सांगते. त्या महिन्यात गिऱ्हाइकांना 9,000 रुपयांचा माल विकला. त्यावर 1,800 सुटले. पेट्रोल 450, मोबाइल रिचार्ज 250, नमुने वाटले ते 200, सेमिनारचं तिकीट आणि तिथलं जेवण 300. राहिले 600. टीमचं, म्हणजे माझ्याखाली जोडलेल्यांच्या विक्रीवरचं, कमिशन 340 आलं. एकूण 940, म्हणजे हजारामागे शंभराच्या जरा वर. शिवाय 1,150 उधारी अडकलेली होती, ती या हिशेबात धरलेलीच नाही. आयडी अॅक्टिव्ह राहावी, म्हणजे कंपनीतलं खातं चालू राहावं म्हणून 1,500 चा माल मी स्वतः घेतला. तो घरात वापरला, वाया गेला नाही, पण खिशातून पैसे गेलेच ना!

किती दिवस फिरलात तेही लिहा. मी अठरा दिवस फिरले होते. हा आकडा बघून माझाच चेहरा पडला होता.

बोलावतानाच कशासाठी ते सांगा

‘एक छोटासा कार्यक्रम आहे’, ‘चहाला या’ म्हणून माणसाला हॉलवर नेऊन बसवायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. डायरेक्ट सेलिंगचे 2021 चे नियम आहेत, ग्राहक संरक्षण कायद्याखालचे. त्यात सुरुवातीलाच आपण कोण, कंपनी कोणती, माल काय आणि आलो कशासाठी, हे खरंखरं सांगायला लावलंय. घरी जायचं तर आधी विचारून, ओळखपत्र घेऊन. मी फोनवरच म्हणते, “विकायचं काम आहे, पगार नाही, पटलं तर या.” दहातले सात येत नाहीत. येणारे तीन मात्र कान देऊन ऐकतात.

मग वही पुढे ठेवा

प्लॅनच्या आधी. चांगला महिना आणि वाईट महिना, दोन्ही पानं. सोलापूरला विडीची मजुरी हजारावर, मागावरही कितीतरी जणांची मजुरी कामावरच. छाट (नापास म्हणून बाजूला काढलेला माल) किती निघाली, हातात किती आलं, हे इथल्या बाईला पुस्तक न वाचता कळतं. तिला ‘फायनान्शियल फ्रीडम’ सांगू नका, हजारामागचा आकडा सांगा. डायमंडच्या, म्हणजे वरच्या पदावर पोचलेल्याच्या, गाडीचा फोटो दाखवायचाच असेल, तर आपल्या टीममध्ये किती जणांना महिन्याला पाचशेही पडत नाहीत, तेही त्याच दमात सांगा.

साखळीचं गणित तिच्याकडूनच करून घ्या

‘तुम्ही पाच जोडा, ते पाच-पाच जोडतील’ हे ऐकायला गोड लागतं. मोबाइलमध्ये पाचानं गुणत जायला सांगा. आठव्या लेव्हलला 3,90,625 माणसं लागतात, नवव्याला 19,53,125. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आलेले पाहुणे धरले तरी भागायचं नाही. म्हणून पैसा गिऱ्हाइकाला माल विकूनच येणार, आणि खाली आलेल्यांसाठी गल्लीत गिऱ्हाइकं कमी उरणार, हे स्पष्ट बोला. मालाला विचारत नाहीत, नुसत्या जॉइनिंगवर कमिशन देतात, असं कुठे दिसलं तर तिथून उठाच. पैसा फिरवण्याच्या योजनांवर 1978 च्या कायद्यानं बंदी आहे.

‘आणखी दोघांना आणा, तुमचे पैसे वसूल’ असं सांगून माल गळ्यात मारायचा नाही, हेही 2021 च्या नियमात आहे. माहितीपत्रकं किंवा डेमोचं किट विकत घ्यायची सक्तीसुद्धा करता येत नाही.

बाहेर पडायची वाट दाखवा

करारातली कूलिंग ऑफची, म्हणजे सही करूनही करार मोडता येण्याची, मुदत किती दिवसांची, माल परत घेतात का, सील फोडलेलं चालतं का, हे तिच्यासमोर वाचा. कराराची प्रत तिच्या हातात द्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तो नंबर मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलाय. अपलाइनला हे आवडत नाही.

काहींना स्वतःहून नाही म्हणा

बचत गटाचं कर्ज काढून, भिशी उचलून किंवा मंगळसूत्र गहाण ठेवून माल घेणारीला मी जोडत नाही, ती कितीही मागं लागली तरी. फीचे पैसे अडकवायला निघालेल्या पोरालाही नाही. सासूला किंवा नवऱ्याला चोरून येणारीला आधी घरी बोलून यायला सांगते.

बाकीच्यांना आठ दिवस द्या. पेन लगेच पुढे करू नका. ‘ऑफर आजच संपतेय’ म्हणायची जीभ चावून धरा. आठ दिवसांनी ती स्वतः फोन करून आली, तर पहिल्या महिन्यात एकाच वस्तूचे चार नग घ्यायला लावा, त्याहून जास्त नको. आणि पहिल्या चार घरी तिच्याबरोबर तुम्ही जा.