कालव्यावरील लॉक इतर बोटींसोबत कसे वापरावे आणि त्यातले पाणी कसे वाचवावे

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद; त्यात पाणी भरून किंवा त्यातून सोडून बोट वर-खाली नेतात. इंग्लंडमधल्या कालव्यांवर लॉकमधून उतरणारी प्रत्येक बोट वरच्या टप्प्यातले, म्हणजे दोन लॉकमधल्या सपाट भागातले, एक लॉकभर पाणी खाली सोडते. सुमारे सात फूट रुंदीच्या अरुंद लॉकमध्ये ते साधारण २५,००० गॅलन, म्हणजे एक लाख लिटरहून अधिक असते आणि चौदा फुटी रुंद लॉकमध्ये जवळजवळ दुप्पट. बोट लहान आहे म्हणून लॉकला कमी पाणी लागत नाही. ग्रँड युनियन कालवा ट्रिंगपाशी चिल्टर्न टेकड्या ओलांडतो. तिथला माथा, म्हणजे कालव्याचा सर्वांत उंच टप्पा, पार करणारी बोट चढताना आणि उतरताना, दोन्ही बाजूंना माथ्याचे पाणी खर्च करते आणि ते जलाशयांतून भरून काढावे लागते. २०२५ च्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग पाण्याअभावी बोटींना बंद ठेवावा लागला होता. त्यामुळे पुढे सांगितलेला शिष्टाचार केवळ सभ्यतेपुरता नाही.

लॉक दिसताच बोट अलीकडे काठाला लावावी आणि झडपा (लॉकमध्ये पाणी घेणारी किंवा सोडणारी छोटी दारे) फिरवायचे हँडल घेऊन एकाने पायी पुढे जावे. लॉक भरलेले आहे की रिकामे, समोरून किंवा मागून कुणी येत आहे का, हे आधी पाहावे. तुम्हाला चढायचे आहे, लॉक भरलेले आहे आणि वरून एक बोट येताना दिसते आहे, असे असेल तर ते लॉक तिचे आहे. ती उतरली की तेच लॉक रिकामे होऊन तुमच्यासाठी तयार मिळते. तिला डावलून तुम्ही लॉक आधीच रिकामे केले, तर एक लॉकभर पाणी कुणालाही न घेता वाहून जाते आणि रांगेतल्या माणसांची नाराजी पदरात पडते. मी तर वळणापलीकडे कुणी आहे का हेही चालत जाऊन पाहावे असे म्हणेन, कारण त्याला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

रुंद लॉकमध्ये मागून येणाऱ्या बोटीसाठी थांबावे आणि दोघांनी मिळून आत जावे. एक नॅरोबोट, म्हणजे या कालव्यांवरची अरुंद, लांब बोट, सहा फूट दहा इंच रुंद असते, त्यामुळे दोन शेजारी उभ्या राहिल्यावर चौदा फुटांत जेमतेम चार इंच उरतात. म्हणून बाजूला लोंबणारे फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) आधीच वर ओढून घ्यावेत, नाहीतर ते भिंतीत अडकून बोट पाचरीसारखी रुतते. सोबतची बोट हलक्या फायबरची असेल, तर जड पोलादी बोटीने आधी आत जाऊन स्थिर व्हावे.

दुसऱ्याची बोट आत असताना तिच्या सुकाणूवरच्या माणसाने खूण केल्याशिवाय झडपेला हात लावू नये. मदतीच्या उत्साहात नेमकी हीच चूक होते. चढताना आधी जमिनीतल्या झडपा (काठाखालच्या मार्गाने पाणी आत घेणाऱ्या) अर्ध्या उघडाव्यात आणि बोटी शांत आहेत असे पाहून मग पूर्ण उघडाव्यात. दरवाज्यातली झडप तिचे तोंड पाण्याखाली जाईपर्यंत बंदच ठेवावी, कारण तिचा लोट थेट बोटीच्या नाकाडावर (पुढच्या टोकावर) कोसळून बोट भरू शकते. उतरताना बोटीची मागची बाजू वरच्या दरवाज्याच्या उंबऱ्यापासून (त्याखालच्या, पाण्यात बुडालेल्या पायरीपासून) पुढे ठेवावी. ती मर्यादा भिंतीवर रंगवून दाखवलेली असते. बोट उंबऱ्यावर टेकली आणि पाणी खाली गेले, तर बुडायला वेळ लागत नाही.

एकामागोमाग लॉक असतील, तर मधल्या टप्प्यांकडेही लक्ष ठेवावे. काठोकाठ भरलेल्या टप्प्यात लॉक रिकामे केले, तर जादा पाणी बाजूच्या सांडव्यावरून निसटते. टप्पा फारच उतरलेला दिसला, तर स्वतःच्या मनाने वरून पाणी न सोडता कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला कळवावे.

बाहेर पडताना समोर बोट थांबली असेल, तर तिला विचारून दरवाजा उघडाच ठेवावा. अन्यथा दरवाजे लावून झडपा हँडलने हळूहळू, पूर्ण खाली उतरवाव्यात आणि निघण्यापूर्वी दोन्ही टोकांना जाऊन एकदा तपासाव्यात. एखादी झडप थोडी जरी उघडी राहिली, तरी रात्रभरात वरचा टप्पा ओसरतो आणि तिथे बांधलेल्या बोटी सकाळी चिखलात कलंडलेल्या दिसतात.