टाकी रिकामी झाल्यावर भट्टी पुन्हा पेटवताना
अमेरिकेतील मेन राज्यातल्या आमच्या घरात जानेवारीत तेलाची टाकी रिकामी होऊन घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली आणि तेल भरल्यावरही ती पेटेना, कारण नळीत हवा अडकली होती. रीसेटचे बटण पुन्हापुन्हा दाबण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला; तसे केल्यास न जळलेले तेल ज्वलनकक्षात साचते आणि पेट घेताना स्फोटासारखा भडका उडतो. पंपाच्या ब्लीडर झडपेला, म्हणजे अडकलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक डब्यात सोडले, झडप सैल केली आणि मगच बटण दाबले. आधी फेसाळ, बुडबुड्यांचे आणि नंतर लाल रंगाचे, अखंड धारेचे तेल आले. झडप घट्ट करताच ज्योत पेटली. नॉझल (तेल फवारणारी तोटी) आणि फिल्टर मात्र मी दरवर्षी तंत्रज्ञाकडूनच बदलून घेतो.