टरफलांतून हरित द्रावकाने कायटिन वेगळे करण्याची रीत

कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांत कायटिन (टरफलाला बळकटी देणारा, साखरेच्या साखळीसारखा नैसर्गिक बहुवारिक), प्रथिने आणि कॅल्शियम कार्बोनेट एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. रूढ पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लाने खनिज आणि सोडियम हायड्रॉक्साइडने प्रथिने काढतात, पण त्यातून निघणारे सांडपाणी शुद्ध करणे जिकिरीचे असते. कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्ल यांच्या डीप युटेक्टिक द्रावकात (घटक मिसळल्यावर वितळणबिंदू खूप खाली येऊन बनणाऱ्या द्रवात) ही दोन्ही कामे एकाच भांड्यात होतात.

टरफले लगेच धुऊन, चिकटलेले मांस काढून, मंद उष्णतेवर वाळवावीत आणि दळून चाळावीत. कोळंबीतील अ‍ॅस्टाझॅन्थिन हे रंगद्रव्य हवे असल्यास ते याच टप्प्यावर, उजेडापासून जपून, इथेनॉलने काढून घ्यावे, कारण पुढच्या उष्णतेत ते टिकत नाही. इथेनॉल ज्वालाग्राही असल्याने जवळ उघडी ज्योत नसावी.

कोलीन क्लोराइड हवेतील ओलावा पटकन शोषते, म्हणून ते आधी वाळवावे. त्याच्या एका मोलास लॅक्टिक आम्लाचे दोन मोल घेऊन मिश्रण 60 ते 80 अंश सेल्सिअसला पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. अधिक तापवल्यास दोन्ही घटकांपासून एस्टर बनू लागते. वजनाने वीसपट द्रावकात पूड थोडीथोडी घालावी, कारण कार्बन डायऑक्साइडमुळे फेस उसळतो. भांडे मोठे आणि उघडे असावे. त्यानंतर काही तास 80 अंशांच्या आसपास ढवळत ठेवून मिश्रण गरम असतानाच गाळावे, कारण थंड झाल्यावर ते दाट होते. उरलेले कायटिन सामू उदासीन होईपर्यंत गरम पाण्याने धुवावे. लॅक्टिक आम्लाऐवजी सायट्रिक आम्ल वापरायचे असेल तर धुण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फार कमी विरघळते आणि कायटिनमध्येच अडकून राहते.

द्रावक पुन्हा वापरता येते, हे खरे असले तरी अपुरे आहे. येथे आम्ल अभिक्रियेत खर्च होते: 10 ग्रॅम टरफलांत 4 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर सुमारे 7 ग्रॅम लॅक्टिक आम्ल कॅल्शियम लॅक्टेटमध्ये अडकते. म्हणून प्रत्येक वापरानंतर आम्लाची भर घालावी, प्रथिने पाण्याने साक्याच्या रूपात वेगळी करावीत आणि ते पाणी उडवायला लागणारी ऊर्जाही हिशेबात धरावी. माझ्या मते, या हिशेबाशिवाय कोणत्याही पद्धतीला हरित म्हणू नये.

शेवटी नमुना भट्टीत जाळून राखेवरून उरलेले खनिज तपासावे. शुद्ध कायटिनमध्ये नायट्रोजन सुमारे 6.9 टक्के असतो. कोरड्या, राखविरहित नमुन्यात तो स्पष्टपणे जास्त आढळल्यास प्रथिने राहिली आहेत असे समजून द्रावकाची प्रक्रिया पुन्हा करावी.