ओव्हनचा सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

१८० अंशांवर ठेवलेली नानकटाई खालून करपते आणि आत कच्ची राहते, तेव्हा दोष पिठाला देऊ नका. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण तापमान वरखाली होतच असतं. फरक कायम दहा-पंधरा अंशांचाच असेल, तर बऱ्याच डिजिटल ओव्हनच्या सेटिंगमध्येच तो सुधारता येतो.

फरक मोठा असेल तर प्लग काढा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. मागच्या भिंतीतून आत डोकावणारी पेन्सिलीएवढी धातूची कांडी म्हणजे सेन्सर. तिचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने दोन तारांमधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा. पीटी१००० जातीचा (शून्य अंशाला १००० ओहम दाखवणारा प्लॅटिनमचा) सेन्सर २५ अंशांना साधारण १०९७ ओहम दाखवतो. मग कांडीचं फक्त टोक उकळत्या पाण्यात धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं; आकडा १३७५च्या जवळ यायला हवा. आकडा उड्या मारत असेल किंवा काहीच येत नसेल, तर सेन्सर गेला. पण आधी कनेक्टर नीट बघा! पिना काळ्या पडल्या असतील तर बरेचदा तेवढं बदलून भागतं.

नवा सेन्सर मॉडेल नंबर बघूनच घ्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना सोबत न्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह मात्र घरी अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. साध्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) बहुधा सेन्सर नसतोच, तिथे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा स्विच, तपासून घ्या.